खेचर नावाची बंदूक

अर्सेनियोच्या आईच्या टीव्हीच्या अँटेनाचा खांब आम्ही उतरवला, तेव्हा घरात ब्राझीलची मालिका चालू होती. खांब ॲल्युमिनियमचा, जाड, कुठेही पोचा नसलेला. कित्येक दिवस माझी नजर त्याच्यावर होती. अर्सेनियो छपरावर, मी खाली. त्यानं बोल्ट सोडला आणि आतून एउफेमिया मावशीचा आवाज आला.

"अरे मेल्यांनो! तिनं त्याच्या थोबाडीत मारली की नाही ते तरी बघू द्या!"

"मारली, आई, मारली!" अर्सेनियो छपरावरून ओरडला. "रडतोय बघ तो!"

"तुला काय दिसतंय तिथून, गाढवा?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला बांबू उभा करून दिला. त्याच्यावर चित्र असं यायचं की नायक कोण आणि खलनायक कोण ते आवाजावरून ओळखावं लागे. मावशीनं हे अख्ख्या गल्लीला सांगितलं. पण खांब कशाला हवा होता, ते मात्र कुणाला सांगितलं नाही. तेवढी ती पोटात ठेवणारी होती. निदान तेव्हा तरी.

साखर कारखाना बंद होऊन वर्ष उलटलं होतं. मी तिथला सुतार, अर्सेनियो लेथवर. आता लग्न होऊन परगावी असलेल्या माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तोच धर्मपिता उभा राहिला, तेव्हापासून आम्ही एकमेकांना कोम्पाय म्हणायचो. कारखान्याचं धुराडं थंड पडलं तसे आम्ही दोघं समुद्राकडे वळलो. श्वास धरून खाली जायचं, मासा मारायचा, वर यायचं. एक खाली गेला की दुसऱ्यानं वर तरंगत, तोंड पाण्यात घालून त्याच्यावर नजर ठेवायची. हा आमचा एकच नियम. सुरुवातीला आमच्याकडे माझ्या मामाची जुनी लाकडी बंदूक होती, रबर ताणून भाला सोडणारी. तिचा भाला डावीकडे जायचा, म्हणून आम्ही उजवीकडे नेम धरायचो. कधी कधी मासाही उजवीकडे जायचा.

नवी बंदूक करायची हे माझ्या डोक्यातलं. अख्खी लाकडाची करावी तर तेवढा लांब, सरळ, गाठ नसलेला तुकडा कुठून आणायचा? आणि तसली जड बंदूक पाण्यात आडवी फिरवेपर्यंत मासा नाश्ता करून जातो. अख्खी नळीची केली तर ती हलकी होते, भाला सुटताना हातात उसळते आणि नेम चुकवते. म्हणून मागचा अर्धा भाग लाकडाचा आणि पुढचा अँटेनाच्या खांबाच्या नळीचा, असं ठरवलं. मागे वजन, म्हणजे धक्का तिथेच जिरेल. पुढे बारीक नळी, म्हणजे तोंड पटकन वळेल. नळी दोन्ही बाजूंनी बंद करायची, आत हवा राहील, आणि भाला सुटल्यावर बंदूक बुडायची नाही.

लाकूड कारखान्यातल्या माझ्याच बाकाचं होतं. महोगनी. कारखाना मोडत होते तेव्हा तो बाक मी तुकडे करून सायकलवरून घरी आणला होता, का ते तेव्हा मलाही माहीत नव्हतं. त्याची मूठ कोरताना मी अर्सेनियोचा हात मागून मागून घ्यायचो, कधी माझा लावून बघायचो, दोघांना बसेल अशी खाच हवी होती. घोड्याचं काम त्याचं. कारखान्याच्या भंगारातला न गंजणारा पोलादी पत्रा त्यानं हातानं घासला, कानशीनं, मग पॉलिशच्या कागदानं. घोडा बोटाच्या नुसत्या स्पर्शानं सुटला पाहिजे, पण रबर पूर्ण ताणलेलं असताना आपोआप मुळीच सुटता कामा नये. किती वेळा त्यानं तो तुकडा फेकून दिला आणि नवा घेतला! मी म्हणायचो, "कोम्पाय, चालेल आता." तो म्हणायचा, "तुझ्या छातीला टेकवून भरायचीय ती. चालेल म्हणून कसं चालेल?"

रबराची नळी माझ्या बायकोच्या, इदेल्साच्या आत्यानं परदेशातून, टँपाहून पाठवली. नातवासाठी म्हणून लंगोटांचं पाकीट आलं होतं आणि त्यात मधोमध पिवळ्या रबराचं वेटोळं. आम्हाला नातू नव्हताच; टपालात कुणाला संशय येऊ नये म्हणून ती युक्ती. इदेल्सानं ते वेटोळं दोन बोटांत धरून माझ्यासमोर नाचवलं. "घे तुझा नातू," म्हणाली.

ॲल्युमिनियमच्या नळीचं एक तोंड लाकडी खुंट्यावर राळेनं चिकटवलं, पुढे भोकं पाडलेलं लाकडी डोकं बसवलं, नळीच्या पाठीवर भाला सरळ राहावा म्हणून बारीक लाकडी पट्टी लावली. पहिल्यांदा पाण्यात सोडली तेव्हा ती नाक वर करून उभी राहिली, बाटलीसारखी. दुसऱ्यांदा पुढच्या डोक्यात जुन्या बॅटरीतलं शिसं वितळवून ओतलं, तेव्हा आडवी झाली. अर्सेनियो गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहून तिच्याकडे बघत होता.

"बाप गाढव, आई घोडी," तो म्हणाला. "खेचर आहे हे."

तेच नाव पडलं. ला मुला. खेचर.

आणि काय बंदूक होती ती! पहिल्याच आठवड्यात मी खडकाच्या कपारीतून माझ्या मांडीएवढा हेकरू काढला. अर्सेनियोनं पळती सुरमई मारली. पळती! घरी चुलीवर मासा, शेजारी मासा, कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंकडे मासा. इदेल्सा भात वाढताना म्हणायची, "परमेश्वरा, एक दिवस तरी नुसती डाळ खाऊ दे."

पण असल्या घरच्या बंदुकीला लायसन्स नाही, आणि मासेमारी खात्याचे इन्स्पेक्टर महिन्यातून कधीतरी गावात फिरायचे. कोणाकडे सापडली की घेऊन जायचे, आणि त्या माणसाचं नाव त्यांच्या यादीत लागलं की मग किनाऱ्यावर पाऊल टाकणं कठीण. म्हणून लपवायची जागा शोधली. ती सुचली इदेल्सालाच. आमच्या झोपायच्या खोलीत खिडकीवर पडद्याची दांडी नव्हती. तिनं फुलांच्या कापडाची लांब पिशवी शिवली, त्यात खेचर घातलं, टोकाला मी लाकडी गोळा कातून लावला आणि त्याच्यावर तिनं पडदे लटकवले. आम्ही तिघं पलंगावर बसून ते बघत हसत होतो. अर्सेनियो म्हणाला, "आता यांचे कपडे बदलताना बघायला खेचर आहे घरात." इदेल्सानं त्याला उशी मारली.

आम्ही तिघंच. चौथ्या माणसाला ती जागा माहीत नव्हती.

पावसाळ्याच्या तोंडावर एक दिवस आम्ही बाहेरच्या कड्यावर गेलो होतो, जिथं तळ एकदम निळा होतो. कड्याखालच्या भोकात एक तांबोशी होती, म्हातारी, काळपट, जबड्यावर जुन्या गळाचे व्रण. मी दोनदा खाली जाऊन आलो होतो. तिसऱ्यांदा जाताना मला आठवतं: लांब श्वास घेतला, कानांतला दाब सोडला, भोकाच्या तोंडाशी आडवा झालो. तिचा डोळा दिसला. आणि मग थेट आकाश. पाठीखाली खडक, तोंडात ओकारीची चव, आणि अर्सेनियो माझ्या गालांवर थपडा मारतोय.

"पेटका आला तुला," तो म्हणाला. "उन्हाचा त्रास झाला असणार. सकाळी काही खाल्लं होतंस का?"

"मासा?"

"गेला."

तो रडत होता. मी त्याला चिडवलं, "माशासाठी रडतोस, कोम्पाय? उद्या आणू की दुसरा."  त्यानं मला घरापर्यंत पोचवलं, बंदूक स्वतः धुतली, पुसली. मी संध्याकाळभर झोपलो. उठलो तर ठणठणीत होतो.

त्यानंतर अर्सेनियो जरा बदलला. कड्यावर जायचं म्हटलं की त्याचा गुडघा दुखायचा. कधी वारा वाईट असायचा. मी म्हणायचो, म्हातारा झालास तू. मी एकटाच जाईन म्हटलं तर तो मुकाट्यानं यायचा आणि पाण्यात माझ्या इतक्या जवळ तरंगायचा की त्याच्या पायातले रबरी पंख माझ्या डोक्याला लागायचे.

इन्स्पेक्टर आले ते सकाळी. एक जाडा, मिशीवाला, हातात रुमाल. एक तरुण. इदेल्सानं कॉफी दिली. कॉफी आधीच तयार होती, कपही मांडलेले होते. तेव्हा हे माझ्या डोळ्यांसमोरून गेलं आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

"एवेलियो तुम्हीच ना?" मिशीवाल्यानं विचारलं.

"मीच."

"घर बघायचंय जरा."

माझ्या शेडकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. पलंगाखाली वाकला नाही. कपाट उघडलं नाही. सरळ झोपायच्या खोलीत गेला, खिडकीसमोर उभा राहिला, रुमालानं मान पुसली आणि म्हणाला, "छान पडदे आहेत." मग तरुणाला हनुवटीनं खूण केली. त्यानं दांडी उतरवली, टोकाचा गोळा काढला आणि पिशवीतून खेचर बाहेर ओढलं.

क्षणभर दोघंही नुसते बघत राहिले. तरुणानं घोड्यावर बोट ठेवलं. "साहेब, हे बघा. हातानं केलंय."

"तुम्ही केलंत?" मिशीवाल्यानं मला विचारलं.

"मी," मी म्हणालो. अर्सेनियोचं नाव मी घेतलं नाही.

"वाईट वाटतं हो," तो म्हणाला, आणि मला वाटतं त्याला खरंच वाटलं होतं. त्यानं कागद पुढे केला, मी सही केली. नाव लागलं. ते खेचर घेऊन गेले. पडदे जमिनीवर पडले होते. इदेल्सा स्वयंपाकघराच्या दारात फडक्यानं हात पुसत उभी होती. हात कोरडे होते तरी पुसत होती.

मी विचार केला. तिघांना माहीत. मी सांगितलं नाही. इदेल्सा माझी बायको. अर्सेनियो रोज सकाळी माझ्याकडे कॉफीला यायचा, पावसातसुद्धा यायचा, आणि त्या दिवशी आला नव्हता.

तो अंगणात सायकल उलटी ठेवून चाकाशी खटपट करत होता. मी फाटकातून आत गेलो तरी त्यानं मान वर केली नाही.

"गेली का?" त्यानं विचारलं.

 "गेली का म्हणजे? तुला कुणी सांगितलं काही जाणार आहे म्हणून?"

त्यानं चाकाला एक गिरकी दिली.

"अर्सेनियो, वर बघ. तू सांगितलंस त्यांना?"

"मी नाही सांगितलं."

"मग तुला माहीत कसं?"

 चाक त्याच्या हाताखाली फिरत राहिलं. मी त्याची कॉलर धरून उभा केला आणि मारलं. एकदा, मग परत. त्यानं हात वर केले नाहीत. ओठ फाटला, रक्त आलं, तो नुसता उभा होता, आणि ते उभं राहणंच मला असह्य झालं. तेवढ्यात एउफेमिया मावशी झाडू घेऊन बाहेर आली आणि झाडूचा दांडा माझ्या पाठीत बसला.

"माझ्या पोराला मारतोस? माझ्या पोराला? ज्यानं तुला मेलेला वर काढला त्याला?"

"आई, आत जा," अर्सेनियो म्हणाला.

"नाही जात! निळा पडला होता हा! ह्याच्या तोंडात तोंड घालून तू फुंकलंस आणि ह्याला अजून वाटतंय पेटका आला होता! जा, घरी जा एवेलियो, आणि आपल्या बायकोला विचार त्यांना कोणी सांगितलं ते!"

मी अर्सेनियोकडे बघितलं. त्यानं बाहीनं ओठ पुसला आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागला.

घरी इदेल्सा पडदे घड्या करून मांडीवर घेऊन बसली होती. मी काही विचारायच्या आतच म्हणाली, "मीच सांगितलं."

मी खुर्ची ओढून बसलो. 

तिनं सांगितलं ते असं. कड्यावरच्या त्या दिवशी अर्सेनियो मला सोडून गेला आणि थोड्या वेळानं मागच्या दारानं परत आला. मी झोपलो होतो. तो मोरीजवळ खाली बसला आणि सांगायला लागला. मी पाण्याच्या वरच्या थरापर्यंत आलो होतो म्हणे, अगदी हात वर केला असता तर बाहेर निघाला असता, आणि तिथेच माझे डोळे उघडे राहिले, हातातून बंदूक सुटली आणि मी उलटा खाली जायला लागलो. त्यानं मला केसांना धरून ओढलं. ओठ जांभळे. श्वास नाही. खडकावर नेऊन त्यानं फुंकलं, फुंकलं, शेवटी मी ओकलो.

"बंदूक तरंगत होती," इदेल्सा म्हणाली. "हे पण सांगितलं त्यानं. तू बुडत होतास आणि ती छान आडवी तरंगत होती."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगून काय केलं असतंस?"

"काय म्हणजे?"

"हसला असतास. म्हणाला असतास, अर्सेनियो घाबरट झालाय, जोडीदार बदलतो. आणि दुसऱ्या दिवशी त्याच भोकाशी गेला असतास. खोटं बोलतेय मी?"

खोटं बोलत नव्हती. तेच तर मला सहन होईना.

"तू मोडून टाकायचीस. विहिरीत टाकायचीस."

"तू दुसरी केली असतीस. तुझे हात मला माहीत आहेत. पण नाव लागलं की आता ते तुला किनाऱ्यावर उभं करणार नाहीत. मी विचार करून गेले त्यांच्याकडे, एवेलियो. रागात नाही गेले. अर्सेनियोला आधी सांगितलं, तुझं नाव घेणार नाही म्हणून. तो बराच वेळ बसला आणि म्हणाला, कर."

"कर म्हणाला?"

"एवढंच."

ज्या घोड्यासाठी त्यानं बोटांची सालं काढली होती, तो घोडा त्यानं एका शब्दात देऊन टाकला. आणि मी त्याच्यासाठी सही करताना त्याचं नाव गिळलं होतं. मी त्या खुर्चीत बसलो होतो आणि मला मरण आठवत नव्हतं, ते तर माझ्या वाट्याला आलंच नव्हतं, दुसऱ्यांनीच ते बघितलं होतं. मला दिसत होतं ते एवढंच, की माझ्या स्वयंपाकघरात, मी भिंतीपलीकडे घोरत असताना, ही दोन माणसं बसली आणि आजारी बैलाचं ठरवतात तसं त्यांनी माझं ठरवलं. आणि नंतर कित्येक सकाळी तो माझी कॉफी प्यायला, ती माझ्या शेजारी झोपली, आणि दोघंही माझ्याकडे बघून हसले.

"तुम्ही माझा जीव वाचवलात," मी म्हणालो. "पण मला विचारलं नाहीत."

"नाही विचारलं," ती म्हणाली. आणि मग तिला रडू आलं, पण मी तिच्याजवळ गेलो नाही.

मी शेडमध्ये झोपायला लागलो. महोगनीचा एक तुकडा उरला होता, तो बाकावर धरला आणि रंधा हातात घेतला. मूठ कुणाच्या हाताची करायची, तेच कळेना. रंधा ठेवून दिला.

नाव लागलेलं असूनही एकदा मी गावातल्या पेन्या भावंडांबरोबर पहाटे गेलो, त्यांची बंदूक घेऊन. कड्यावर नाही, अलीकडे. चांगले लोक आहेत ते. मी खाली गेलो, तळाशी आडवा झालो, समोर मासा आला, आणि मी वर बघितलं. इतक्या वर्षांत मी खालून कधी वर बघितलं नव्हतं. वर अर्सेनियो असायचाच, बघायची गरज नव्हती. आता वर कुणाचे तरी पाय होते, आणि माझं शरीर माझं ऐकेना. श्वास शिल्लक असताना मी हातपाय मारत वर आलो. धाकटा पेन्या म्हणाला, "काय झालं? मासा मोठा होता?" मी म्हणालो, हो, फार मोठा.

अर्सेनियो मला गल्लीत दिसायचा. ओठावरची जखम भरली होती. आम्ही मान हलवायचो आणि पुढे जायचो. पावसाळा संपत आला तेव्हा कळलं की त्याला मोआला निकेलच्या कारखान्यात लेथवर काम मिळालंय. निघायच्या दिवशी तो माझ्या शेडच्या दारात येऊन उभा राहिला. खांद्याला पिशवी होती.

"मी निघालो."

"जा."

"आईकडे लक्ष ठेव. तिचा बांबू वाकलाय."

"ठेवीन."

तो जाईना. दारात उभा राहून भुशाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "एकटा पाण्यात उतरू नकोस."

"हे कुणाला सांगायला आलास? मला की इदेल्साला?"

त्याचा चेहरा क्षणभर त्या दिवशीसारखा झाला, मी त्याला मारत होतो तेव्हासारखा. "तुला," तो म्हणाला. "तुला सांगतोय. त्या दिवशी तू मेला होतास, कोम्पाय. तुला सांगायला मला जमलं नाही. खूपदा तोंडापर्यंत आलं होतं."

"आता सांगितलंस."

"हो."

मी त्याला मिठी मारली नाही. बस सुटल्याचा हॉर्न ऐकला आणि मग बराच वेळ बाकावरचा भुसा हातानं एका बाजूला लोटत राहिलो.

संध्याकाळी घरात गेलो. इदेल्सानं एक ताट वाढलं होतं. मला बघून दुसरं काढलं. डाळ, भात, उकडलेला युकाचा कंद. 

"मला माफ केलंस का?" तिनं विचारलं. ताटाकडे बघूनच.

"नाही," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि युक्यावर घालायला लसणाचं तेल माझ्याकडे सरकवलं.

त्या रात्री मी आत झोपलो. खिडकीला पडदा नव्हता आणि सकाळी ऊन सरळ तोंडावर आलं. ती आधीच उठली होती. मावशीचा बांबू बदलायचा होता, म्हणून मीही उठलो.